दिली का किल्ली तिने?

गरम इस्त्रीचा वास आला की इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतलं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवतं. बाबांची फॅक्टरी बंद पडली होती, आई थंडीतही खर्च नको म्हणून हीटिंग न लावता लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, आणि मी युनिव्हर्सिटीत प्रबंधाला विषय घेतला होता आजच्या अरबी कादंबऱ्यांतल्या स्त्रिया. "आपल्या बायका संपल्या का गं?" आई म्हणाली. "अजून वेळ आहे, अकाउंट्सला बदलून घे. नोकरी तरी लागेल." मी म्हटलं, "त्या बायका म्हणजे नुसता बुरखा आणि रडणं, असं सगळ्यांना वाटतं. तू एकदा ऐक तर." आणि हातातली इंग्रजी अनुवादातली कादंबरी तिला मराठीत सांगायला लागले. कैरोतली एक विधवा नवऱ्यामागे बेकरी चालवते आणि दीर दुकानाची किल्ली मागायला येतो. तेवढ्यात बसची वेळ झाली, मी पळाले. संध्याकाळी मी कोट काढायच्या आधीच आईने विचारलं, "दिली का किल्ली तिने?" "नाही दिली." "बरं केलं," ती म्हणाली आणि शर्टाच्या कॉलरवर इस्त्री जोरात दाबली. अकाउंट्सचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि ती मी त्याच बायकांवर लिहून मिळवली.