नाकेदारांचं लोखंडाचं पाणी

नाकेदारांची गोष्ट मी घरात पुष्कळदा सांगितली आहे, पण दर वेळी अर्धीच. हसू येईल तेवढी सांगायची आणि चहा मागायचा, असं चाळीस वर्षं चाललं. आता पूर्ण सांगतो.

पारशिवनीकडच्या जंगलात नाकेदारी करून, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाकूडफाट्याचे पास तपासून, ते निवृत्त झाले आणि नागपुरात घर बांधून राहिले. मी त्यांच्या मागच्या खोलीतला भाडेकरू, बिनलग्नाचा शाळामास्तर. नोकरी सुटली तरी त्यांचा नाका सुटला नव्हता. कोणाच्या हातात पान दिसलं की खाटेवरूनच विचारायचे, "पास हाय का?" पूजेला बेल आणणाऱ्या त्यांच्या बायकोला, काकूंनाही सूट नव्हती. काकू म्हणायच्या, "आधी तुमचा पास दाखवा, मंग जेवाले बसा."

कागदावर पानाफुलांचे ठसे घेणं हा त्यांचा नाद. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या जाड कागदावर पानं मांडायची, वर दुसरा कागद, आणि ती चवड दोन फरशांमध्ये सुतळीने आवळून वाफवायची. सुतळी सोडताना मला हमखास हाक. सागाच्या कोवळ्या पानाची शीर न् शीर उमटलेली असायची, किडीने पाडलेलं भोकसुद्धा. "जरा चांगलं पान घ्या ना," मी एकदा म्हटलं.

"काहून? किडीनं खाल्लं तं खाल्लंच दिसन. झाड खोटं बोलत नाही गा मास्तर, माणूस बोलते."

ठशाला गडद रंग यायचा तो एका मडक्यामुळे. त्यात गंजके खिळे, एक बैलाची नाल, गूळ आणि कित्येक महिन्यांचं पाणी. मांडण्याआधी पानं त्यात बुडवायची. मडकं माझ्या दाराशी असे, आणि त्याला वास असा की पाहुणा दारातूनच परतावा.

त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. नाकेदारांनी जाहीर केलं, पत्रिका छापखान्यात जाणार नाही, प्रत्येकीवर बापाच्या हातचं पान असेल. त्याच आठवड्यात मला सांगून आलेल्या मुलीकडची मंडळी मला बघायला येणार होती. मी मडकं मोरीत ओतलं, नळाचं पाणी भरलं, खिळे परत टाकले आणि रंग जुळावा म्हणून गूळ कालवला. पाणीच तर आहे, म्हटलं. मंडळींनी होकार दिला आणि त्या आनंदात सांगायचं राहिलं.

चार दिवसांनी नाकेदारांनी पहिली चवड सोडली. कागदावर नुसते फिके डाग. दुसरी सोडली, तेच.

"पाण्याचंच काही झालं असन," काकू म्हणाल्या.

"पाणी तेच, पानं तेच. झाड खोटं बोलत नाही वं. माहाच हात गेला."

मी दारातच उभा होतो. मान हलवली आणि आत गेलो.

पत्रिका छापखान्यातून आल्या, गुलाबी, सोनेरी गणपतीच्या. पहिली देवापुढे ठेवून काकूंनी हळदकुंकू वाहिलं, नाकेदार अंगणातच बसून राहिले. फरशा मोरीवर कपडे धुवायला गेल्या. पुन्हा त्यांनी पान मांडलं नाही.

पुढे ते मुलीकडे खाप्याला गेले. माझ्या संसाराला दहा वर्षं झाली तेव्हा मी एकदा तिथे गेलो. वाटेत सागाचं कोवळं पान तोडून घेतलं होतं. मला पाहताच म्हातारा हसला. "पास हाय का, मास्तर?" मीही हसलो. चहा प्यालो. ते पान खिशातच चुरगळत राहिलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कार्ड आलं.

त्या दिवशी खाप्याला जाताना बसमध्ये मी एकच वाक्य घोकत होतो: नाकेदार, तुमचा हात गेला नव्हता, तुमचं पाणी मी ओतलं होतं.