नंदलालजी आमगाव फायनल

आमगावात जिवंतपणी कोट घातलेले लोक बोटांवर मोजण्याइतके सापडतील, मेल्यावर मात्र जो तो कोटात. जन्मभर बंडीत वावरलेला म्हातारा श्रद्धांजलीच्या बॅनरवर निळा कोट, लाल टाय आणि मागे बर्फाचे डोंगर अशा थाटात चौकात लागतो. हे कोट चढवणारा माणूस म्हणजे उमेंद्र पटले. स्टेशन रोडवर त्याचं ग्राफिक्सचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरमध्ये ‘कोट’ नावाचा फोल्डर. त्यात चौदा कोट. तेरा छातीपर्यंतचे, एक खुर्चीत बसलेला. घरचे लोक जुना फोटो आणतात, उमेंद्र त्यातली मान कापून कोटावर बसवतो आणि कुणी विचारलं की म्हणतो, “बढिया दिसून राहिले.” अठरा वर्षांत हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं आहे की आता त्यात त्याचं स्वतःचं काहीच उरलेलं नाही.

हे झालं पोटाचं. जीव दुसरीकडेच होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शटर अर्धं ओढून तो स्वतःचे उद्योग करायचा, आणि गेली सात वर्षं त्या सगळ्या उद्योगांचा विषय एकच होता, बापाचे हात. नंदलालजींचे हात होतेही तसेच. पन्नास पावसाळे धानाच्या रोवणीत गेलेले. जाड बोटं, नखांच्या कडा कायमच्या काळ्या, उजव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण. उमेंद्रने ते स्कॅनरच्या काचेवर ठेवून घेतले. कोंड्याच्या राखेत बुडवून बारदान्यावर उमटवले. लिनोलियमच्या तुकड्यात कोरून पळसाच्या पानांवर छापले. रसायन लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरले, तेव्हा निळ्या कागदावर पांढरे हात उतरले. धानाचे परे, म्हणजे रोपं, उपटून पेंढ्या बांधणाऱ्या हातांचे एकामागून एक फोटो काढून त्यांची हलती फिल्मसुद्धा केली. लोक म्हणायचे, पोराच्या डोक्यात काहीतरी सटकलं आहे.

बाप मात्र काही म्हणायचा नाही. बोलावलं की यायचा, कोणता हात पाहिजे विचारायचा आणि मुकाट्याने राख लावून घ्यायचा. जगाला कळो न कळो, या माणसाला आपलं काम कळतं, असं उमेंद्रने धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर सात वर्षं तो त्याच एका समजुतीवर तगला होता.

यंदा गोंदियाच्या एका हॉलमध्ये त्याच्या कामाचं पहिलं प्रदर्शन ठरलं. दारातून शिरताच भिंतभर हात, खाली पट्टीवर नाव ‘नंदलाल पटले, शेतकरी’, आणि रिबीन कापायला स्वतः नंदलालजी. प्रदर्शनाचा रविवार आठवडाभरावर आला तसा उमेंद्र भेटेल त्याला हे सांगत सुटला. बापालाही सांगितलं. बाप नुसता “हं” म्हणाला, आणि उमेंद्रला तो हं होकारासारखा वाटला.

गुरुवारी तो मोठे छाप काढायला गोंदियाला भोजराजकडे गेला. भोजराज त्याचा जुना दोस्त. दोघं एकाच क्लासात माऊस धरायला शिकलेले, आणि उमेंद्रच्या कोटांचा फोल्डर पेन ड्राइव्हवरून त्याच्याकडेही गेलेला. भोजराज काउंटरवर अडकला होता, तुझी फाइल तूच शोधून घे म्हणाला. उमेंद्रने ‘नंदलाल’ टाइप केलं. दोन फाइली आल्या. एक त्याची. दुसरीचं नाव होतं, ‘नंदलालजी आमगाव फायनल’.

त्याने उघडली. पडदाभर बापाचा चेहरा आला. दाढी केलेली, केस चापून बसवलेले आणि हनुवटीखाली लाल टायची गाठ. कानाची कड ओबडधोबड कापलेली. तारीख पाहिली तर अक्षय तृतीयेच्या आठवड्यातली. त्या दिवशी बाबूजी आणि माय डोळे दाखवायला म्हणून गोंदियाला आले होते. उमेंद्रनेच त्यांना गाडीत बसवून दिलं होतं, आणि परत आल्यावर मायने तोंड वर करून सांगितलं होतं की नजर चांगली आहे.

“काकाजीनं कसम घातली होती,” मागे येऊन उभा राहिलेला भोजराज म्हणाला. “पुढं कामाले येईन म्हने फोटो, आताच काढून ठेवतो. पन उमेंद्रले सांगू नोको.”

माणसांच्या माना कापण्यात जन्म गेलेल्या उमेंद्रला केसाने गळा कापणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बाप, माय आणि दोस्त, तिघांनी मिळून. आमगावात स्वतःच्या पोराचं दुकान असताना. छाप न काढताच तो दुपारच्या गाडीने परत आला.

नंदलालजी अंगणात बाजेची सैल पडलेली दोरी आवळत बसले होते. उमेंद्रने चप्पलही न काढता विचारलं, भोजराजकडे का गेलात. म्हाताऱ्याने दोरी सोडली नाही.

“तुह्यापाशी आलो असतो, तं तू देल्ला असता मले कोट?”

उमेंद्रने दिला नसता. बाबूजी, तुम्ही आहात तसेच चांगले, असं काहीतरी ऐकवलं असतं.

“साऱ्या गावाले कोट लावते तू,” नंदलालजी म्हणाले. “अन् बापाले राख. रोज सांजच्याले घासून घासून धुतो मी हे हात. तू तेच गोंदियात टांगाले निंगाला.”

“मंग सात वर्सं कायले देल्ले?”

“तू मांगतले म्हनून.”

एवढंच. सात वर्षं ज्याला तो समज म्हणत होता ती नुसती बापाची माया होती, आणि त्या घटकेला त्याला ती मायाही फसवणूकच वाटली. प्रदर्शन लाव, नंदलालजी म्हणाले, पण नाव लिहू नको आणि मी काही येत नाही.

वाद वाढेल म्हणून की लपवायचं आता काही उरलं नाही म्हणून, माय निर्मलाबाईने आतल्या पेटीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम आणली आणि बाजेवर ठेवली. भोजराजकडे नुसता चेहराच दिसला होता. आता सगळा फोटो समोर होता. चौदा कोटांतला तो एकुलता एक, खुर्चीत बसलेला. उमेंद्रनेच कधीतरी कुठून तरी उतरवून घेतलेला. खुर्चीच्या दांड्यांवर दोन हात टेकलेले होते. गोरे, लुसलुशीत, एका बोटात अंगठी, मनगटावर सोन्याचं घड्याळ. नखं दुधासारखी स्वच्छ. बापाने तेरा कोट सोडून हा निवडला होता.

नंदलालजींनी काचेवरची धूळ पुसली. जाड काळी बोटं त्या गोऱ्या बोटांवरून फिरली. मग त्यांनी पोराकडे पाहिलं आणि जरा लाजतच विचारलं, “बरा दिसतो ना?”

“बढिया दिसून राहिले,” उमेंद्र म्हणाला, जसं तो सगळ्यांना म्हणतो तसं.