मंगळवारची वाघीण

"काल काय पाहिलं?"

वर्गात शिरल्याबरोबर बाई हाच प्रश्न टाकायच्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवायची, खडू एखाद्याच्या छातीवर रोखायचा आणि म्हणायचं, "तू. काल काय पाहिलं? इंग्रजीत सांग." खडू बहुतेक वेळा माझ्यावरच यायचा. मला या बाई अजिबात आवडत नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको.

आम्ही गाईड. मोहर्लीच्या पलीकडे जंगलाचं एक लहान गेट आहे. तिथून जिप्सीत बसून पर्यटकांना जंगल दाखवायचं, हे आमचं काम. सकाळची फेरी संपून दुपारची सुरू होईपर्यंत जे दोन-तीन तास मिळायचे, ते या बाईंनी खाल्ले. पहाटे चारला उठलेली आम्ही चौदा माणसं, अंगात खाकी, डोक्यावर समाजमंदिराचे तापलेले पत्रे, आणि समोर राजुऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, चंद्रपूरहून एसटीने येणाऱ्या बाई. शिकवायच्या काय, तर भूतकाळ.

खरं म्हणजे आमचं इंग्रजी आमच्यापुरतं पुष्कळ होतं. "टायगर कमिंग सर, मेबी कमिंग," एवढ्यावर मी दोन वर्षं काढली होती. फेरी संपत आली, वाघ नाही आणि पाहुण्यांची तोंडं उतरली, की एखाद्या झाडाखाली गाडी थांबवून सांगायचं, "यस्टरडे, दिस प्लेस, टायगर सिटिंग." लगेच कॅमेरे निघायचे आणि त्या रिकाम्या जागेचे फोटो काढले जायचे. सगळेच गाईड असं करायचे. रुसलेल्या पाहुण्याला तसंच घरी कसं पाठवणार?

बाईंना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या भाऊंनी उभं राहून ऐटीत सांगितलं, "यस्टरडे आय सॉ टू टायगर."

कोणत्या गाडीला काय दिसलं, ते गेटवरच्या वहीत लिहिलेलं असतं. बाईंनी ती वही मागवली. नाकाला टेकेल इतकी जवळ धरली आणि ओळ न् ओळ बोटाने चाचपली. चोर पकडायला आलेल्या हवालदारासारखी ती वही धरण्याची तऱ्हा बघून माझं डोकंच फिरलं.

"काल तुमच्या गाडीला एक मुंगूस दिसलंय," बाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईकाले बरं वाटते जी, बाई."

"मग गिऱ्हाईकाले मुंगूस सांगा!" चिडल्या की बाईंची शाळेतली भाषा सुटायची आणि घरची बाहेर यायची. "नाई पाह्यलं तर म्हणायचं, आय डिड नॉट सी. लाज काऊन वाटते? लिहा वीस वेळा."

पांढऱ्या मिशांचे भाऊ ते वीस वेळा लिहीत बसले. त्या दिवसापासून आम्ही सगळे बाईंवर खार खाऊ लागलो. त्यांच्या छत्रीवरसुद्धा.

पण वर्ग सोडता येत नव्हता. जूनच्या शेवटी तोंडी परीक्षा होती. तिच्यात पास होणाऱ्याचं नाव पावसाळ्यानंतरच्या रोजच्या यादीत लागणार. नापासाने घरी बसायचं. माझ्यासाठी घरी बसणं म्हणजे पुन्हा चिखलात भाताची रोवणी आणि पुन्हा रस्त्यावरची गिट्टी. शिवाय ती खाकी वर्दी मला फार आवडत होती. ती घालून निघाले की ज्या घरांतून पूर्वी "ए, इकडं ये" अशी हाक यायची, तिथून "गाईडबाई" ऐकू यायचं. ते मला सोडायचं नव्हतं.

म्हणून मी महिनाभर एक वाघीण पाठ केली. तळ्याकाठची वाघीण, तिची तीन पिल्लं, त्यातलं एक पाण्यात पडतं, आई त्याला मानगुटीला धरून बाहेर काढते. सगळी क्रियापदं भूतकाळात, घोटून घोटून. भांडी घासतानासुद्धा तेच चालायचं.

"काय पुटपुटून राह्यली वं?" सासूबाई विचारायच्या.

"वाघीण पाठ करून राह्यली."

"कर माय, कर. भांडे पण घास."

परीक्षा बुधवारी झाली. टेबलामागे वनखात्याचे एक साहेब आणि बाई. दाराशी बाकीचे तेराजण कान लावून उभे. बाईंनी विचारलं, "काल काय पाहिलं?" आणि मी सुटले. सॉ, वॉज, हॅड, फेल. पिल्लू पाण्यात पडलं तेव्हा साहेब खुर्चीत पुढे सरकले. संपल्यावर म्हणाले, "व्हेरी गुड!"

बाईंनी विचारलं, "आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग काल?"

मंगळवारी जंगल बंद असतं. आत चिटपाखरू जात नाही, गेटला कुलूप असतं. ते घालताना मी स्वतः पाहिलं होतं.

दाराशी हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "तुझं इंग्रजी बरोबर आहे. गोष्ट खोटी आहे. नापास."

साहेब बिचारे म्हणाले, "बाई, परीक्षा तर भाषेचीच आहे."

"खोट्याला मी मार्क देत नाही."

अख्खा हंगाम मी गिट्टी फोडली. वर्दी पेटीत गेली. गावात माझं नाव 'मंगळवार' पडलं, ते अजून आहे. हातोडीच्या दर घावाला मी बाईंचं नाव घ्यायचे. कशासाठी, ते सांगायला नको.

पुढच्या वर्षी मी पास झाले. एक मुंगूस रस्ता ओलांडून गेलं, असं तीन वाक्यांत सांगितलं. खरंच गेलं होतं. बाईंनी वही नाकाला लावून तपासलं आणि मान हलवली. शाबासकी वगैरे काही नाही.

मग वर्ग बंद व्हायचं ठरलं. थोरल्या भाऊंच्या मनात आलं की निरोपाला बाईंना एक फेरी द्यावी. दोन वर्षं येऊन त्या कधी गेटच्या आत गेल्या नव्हत्या. नंबर नेमका माझ्या गाडीचा लागला. वाघ दिसू नये, असं मी मनापासून म्हटलं.

दिसला. उन्हं उतरताना तळ्यावर वाघीण आली आणि वीस पावलांवर पाणी पीत बसली. मागचे चार पाहुणे श्वास रोखून फोटो काढत होते. बाई मात्र भलतीकडे, बांबूच्या बेटाकडे पाहत होत्या.

"बाई, पाण्यापाशी," मी कुजबुजले.

"हं."

"त्या पांढऱ्या दगडाच्या बाजूले."

"हं."

नजर बांबूवरच. तेव्हा मला ती नाकाला टेकलेली वही आठवली, आणि वर्षभराचा राग एकदम जागा झाला. मनात म्हटलं, आता सापडल्या. गेटवर विचारतील, बाई 'पाहिली' म्हणतील, आणि मी सगळ्यांसमोर विचारीन, कुठे?

गेटवर वही घेऊन शिपाई आला. पाहुणे त्याला फोटो दाखवत होते. "बाई, दिसली का वाघीण?" एक 'हो' म्हटलं असतं तर कोणी काही विचारलं नसतं. माझा प्रश्न ओठांवर तयार होता.

बाईंनी छत्री सरळ केली. "आय डिड नॉट सी," त्या खणखणीत म्हणाल्या. "मी पाहिली नाही."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला. उतरवायला हात पुढे केला, तर त्यांनी तो झटकला. "पाय आहेत मला."

त्यानंतर बाई आमच्याकडे आल्या नाहीत. हल्ली पाहुणे विचारतात, काल इथे वाघ होता का? नसला तर मी नव्हता म्हणते. त्यांची तोंडं उतरतात, आणि मला बाईंचा राग येतो.

फेरीच्या त्या संध्याकाळी बाई एकट्याच स्टॉपवर गेल्या. मी लांब उभी राहिले. एसटी आली. पाटी वाचायला बाई पार बसच्या तोंडाशी गेल्या, मान वर करून तिथेच थांबल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"बाई," मी ओरडले, "चंद्रपूरचीच हाय जी!"

"मले दिसते," बाई म्हणाल्या, आणि चाचपडत चढल्या.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेली खोटी गोष्ट तेवढीच.