खंडेनवमीचा नारळ आणि माझा पेनड्राइव्ह

झेंडू आणि मशीनच्या कूलंटचा वास एकत्र आला की चाकणच्या कंपनीतली ती खंडेनवमी आठवते आणि डोकं फिरतं. सुपरवायझरने पूजेचा नारळ थेट मशीनच्या कॉम्प्युटरवर फोडला. पाणी आत गेलं, हार्डडिस्क गेली. नवीन बसवली, पण विंडोज टाकायला बूटेबल पेनड्राइव्ह हवा होता. त्याने माझ्या किल्ल्यांना अडकवलेला ओढून घेतला. "साहेब, त्यात आईचं शेवटचं बोलणं आहे. आधी कॉपी करू द्या." "लाइन थांबलीय राव, बोलणं कसलं घेऊन बसलास." ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावल्यावर पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, असं स्क्रीनवर आलं, त्याने ओके दाबलं. मशीन चालू झाल्यावर तोच खोबरं वाटत आला, "देवीची कृपा." मी हात पुढे केला नाही. परवा त्याचा फोन आला. त्याच्या घरचा कॉम्प्युटर बसला होता, विंडोज परत टाकायचं होतं. "तो पेनड्राइव्ह आहे का रे अजून?" माझ्या खिशातच होता. मी म्हणालो, "नाही."