खिचडीअक्का

"काय शिकतीस?" या प्रश्नाला आमच्या अक्काचं एक ठरलेलं उत्तर नव्हतं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला ती "शेतकीचं" म्हणायची, मेसच्या मावशींना "औषधाचं", आणि उदगीरहून कुणा नातेवाइकाचा फोन आला की नुसतं "बीएस्सी". खोटं त्यातलं काहीच नव्हतं. नांदेडला विद्यापीठात तिचा मुख्य विषय वनस्पतिशास्त्र, मायनरला उर्दू, आणि वर लोकसाहित्याचा एक पेपर. होस्टेलच्या पोरींनी तिची खिचडीअक्का करून टाकली. तिला राग नव्हता. "खिचडीच पचती, पोरी," असं ती मला, तिच्या खोलीतल्या धाकटीला, सांगायची.

वयानं ती आम्हा सगळ्यांहून मोठी, कारण बारावीनंतरची वर्षं लातुरात डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी 'नीट'च्या क्लासमध्ये गेली होती. तिथल्या खोलीला खिडकी होती. हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीची भिंत लागायची. दर निकालानंतर तिचे अप्पा उदगीरहून यायचे, "अजून एकदा बघू" म्हणायचे आणि परत जायचे. "रागावले असते तर भांडता आलं असतं," अक्का म्हणायची. "अप्पा केळी घिऊन यायचे. केळी घिऊन आलेल्या माणसाशी कसं भांडावं?"

त्यातून ती सुटली ती या चार वर्षांच्या नव्या डिग्रीमुळे. विषय आपले आपण निवडायचे, हे घरी कुणाला पटणारं नव्हतं. म्हणून तिनं अप्पांना दुसरी बाजू सांगितली. "न्हाईच जमलं तर मधी सोडता येतंय. दोन वर्षांनी सोडलं तरी डिप्लोमा हातात." अप्पा दुकानदार माणूस. ज्यात बुडायचं काही नाही असा व्यवहार त्यांना लगेच पटला.

उर्दू कशाला, असं तिला आमचे सरही विचारायचे. तिचं म्हणणं सरळ होतं. निजामाच्या काळातली झाडपाल्याच्या औषधांची पुस्तकं उर्दूत आहेत. झाडं ओळखणाऱ्यांना ती वाचता येत नाहीत आणि वाचणाऱ्यांना झाडं ओळखू येत नाहीत. एका रविवारी ती मला कंधारला घेऊन गेली. किल्ल्याच्या अंगाला तरवड पिवळाधमक फुलला होता. शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांना ती म्हणाली, "आमच्या घरी कानडीत याला तंगडी म्हणतात." आजोबा खो खो हसले. "माझी तंगडी लई दुखून राहिली, माय. तिलाबी फुलं येऊ दे." अक्का तिथंच मातीत बसून हसली. मग तासभर त्यांना एकेका पाल्याचं नाव विचारत राहिली. तिला इतकं मोकळं मी पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि अप्पा आले. लातूरचं स्थळ होतं, किराण्याचं मोठं दुकान, माणसं चांगली. होस्टेलच्या व्हरांड्यात मी शेजारीच उभी होते.

"अप्पा, अजून दोन वर्षं," अक्का म्हणाली.

"तूच म्हणली होतीस की, बाळा. दोन वर्षांनी सोडता येतंय."

"येतंय म्हणले होते. सोडते म्हणले न्हवते."

अप्पा रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून केळी काढली आणि एक माझ्याही हातात दिलं.

सामान बांधताना ती रडली नाही. गादी गुंडाळता गुंडाळता थांबली आणि म्हणाली, "नियम मीच समजावला त्यांला. लई चांगला समजावला." मी दोरी धरून उभी राहिले.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि उर्दू घेतलं आहे. अलीफ-बे गिरवताना पोरी मलाही हसतात. एखाद्या झाडाचं नाव अडलं की मी अक्काला दुपारी फोन करते, तिच्या सासरची दुकानातली माणसं जेवायला घरी येण्याच्या आधी. ती हळू आवाजात कानडी नाव सांगते आणि विचारते, "फूल आलंय का?" मागच्या महिन्यात मात्र तिनं आपणहून फोन केला.

"सोडलेल्याला परत येता येतंय न्हवं? नियमात हाय न्हवं तसं?"

"हाव, आहे."

"परत शिकायचंय म्हणून मी घरात सांगितलं. सगळ्यांसमोर."

"मग?"

"सासरे म्हणले, नियम चांगला हाय."

"आणि?"

"आणि काय? चहा मागितला त्यांनी."