आलंकाकांचं एरियल

गल्लीत काकांचं खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं आहे. पस्तीस वर्षं ते लोकांच्या गच्च्यांवर चढून टीव्हीचे एरियल फिरवत आले आणि प्रत्येक गच्चीवरून खाली एकच प्रश्न ओरडून विचारत आले, "आलं का?" खालून कोणीतरी "नाही", "थोडंसं", "आलं आलं", "अहो, गेलं!" असं ओरडायचं आणि त्या ओरडण्यावर काकांचा संसार चालायचा. साठी येईपर्यंत प्रश्न आणि माणूस एक झाले, आणि त्यांचं नाव पडलं आलंकाका. काकांना त्याचा राग नाही. "लोकांना पदव्या मिळतात, मला प्रश्न मिळाला," असं ते स्वतःच सांगतात.

पुढची फजितीही ते स्वतःच सांगतात, आणि दर वेळी स्वतःला आणखी थोडं गाढव ठरवून सांगतात. शेवटचा भाग मात्र त्यांनी एकदाच सांगितला आहे.

जुन्या टीव्हीचं एक बरं होतं. तो एकदम मान टाकत नसे. आधी पडद्यावर मुंग्या यायच्या, मग बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागे त्यांचीच फिकट बहीण उभी राहायची, मग आवाज घोगरा व्हायचा. तसाच तो बराही हळूहळू व्हायचा. पाईप बोटभर फिरवला की मुंग्या कमी, आणखी बोटभर फिरवला की बहीण गायब. काकांचा हात त्यात इतका बसला होता की खालून उत्तर येण्याआधीच तो पुढे सरकलेला असायचा. थांबणं हा प्रकार त्यांच्या धंद्यात नव्हता, आणि खरं सांगायचं तर घरातही नव्हता. काकूंनी वाक्य सुरू केलं की काका ते मधूनच उचलायचे आणि आपल्या मनासारखं संपवायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंची किती वाक्यं शेवटाला पोचली, ते बोटांवर मोजता येईल.

तर, जुनं प्रक्षेपण बंद होऊन नवं डिजिटल येणार, त्यासाठी घरोघरी एक पेटी घ्यावी लागणार, अशी पट्टी टीव्हीच्या तळाशी दीड वर्ष फिरत होती. काकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "एवढा मोठा टीव्हीचा मनोरा काय मोडीत घालणार आहेत? लिहून ठेवा, काही होत नाही," असं त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला छातीवर हात ठेवून सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या आणि गुपचूप जाऊन पेट्या आणल्या. काकांचं मन दुखायला नको म्हणून ते आले की पेटीवर रुमाल टाकायचे. समोरच्या निवृत्त पोस्टमननी तर सहा महिने पेटीवर आपली टोपी ठेवली होती. काकांना वाटायचं, हा माणूस घरात टोपी कुठेही टाकतो, बायको गेल्यापासून अगदीच गबाळा झाला.

बुधवारी दुपारी बारा वाजता जुनं प्रक्षेपण बंद झालं. बारा वाजून एका मिनिटाने काकांच्या पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटलं.

"वाऱ्याने एरियल हललंय," काका म्हणाले. बाहेर पान हलत नव्हतं.

ते गच्चीवर गेले. पाना लावला, पाईप सैल केला आणि फिरवायला लागले. काकू खाली खिडकीशी उभ्या. "आलं का?" "नाही." "आता?" "नाही." जे प्रक्षेपण या जगात उरलंच नव्हतं ते काकांनी दोन तास चारही दिशांना शोधलं. शेवटी काकू वर्तमानपत्र घेऊन स्वतःच गच्चीवर आल्या.

"अहो, हे वाचा. आजपासून बंद केलंय."

"पेपरवाल्यांना एरियलमधलं काय कळतं?"

"एरियलमधलं नसेल कळत. बंद केलेलं कळतं ना?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की गल्लीतली सगळी एरियल डावीकडे, टेकडीवरच्या नव्या मनोऱ्याकडे तोंड करून उभी आहेत. एकटं त्यांचंच उजवीकडे बघतंय. मग एकेक रुमाल आठवला. मग टोपी आठवली. काका गच्चीच्या कठड्यावर बसले आणि आपल्याच कपाळावर हात मारून हसले. पण आत कुठेतरी खुपलंच. लोकांनी फसवलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी तर सांभाळून घेतलं होतं.

एरवी काकांनी आठवडाभर रुसून टीव्हीला पाठ केली असती. पण रविवार आडवा आला. काकू मागच्या रस्त्यावरच्या वाचनालयात बायकांच्या गाण्याच्या मंडळात जायच्या. पन्नाशी-साठीच्या बारा बायका. त्यांचं गाणं टीव्हीवाल्यांनी येऊन टिपलं होतं आणि ते रविवारी संध्याकाळी साडेपाचला दाखवणार होते. एकदाच. काकूंनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

"आमच्याकडे या बघायला," पोस्टमन म्हणाले. टोपी आता पेटीवरून त्यांच्या डोक्यावर परतली होती.

"माझ्या बायकोने स्वतःला बघायला दुसऱ्याच्या घरी जायचं? मग मी पस्तीस वर्षं गच्च्यांवर काय कबुतरं उडवली?" काका कडाडले.

गुरुवारी ते पेटी आणायला गेले. दुकानातल्या बाईंनी अदबीने विचारलं, "बाबा, बसवायला माणूस पाठवू का?"

"मीच तो माणूस आहे," काका म्हणाले आणि पिशवी घेऊन ताठ मानेने बाहेर पडले. माहितीचं पुस्तक काउंटरवरच राहिलं. बाई ते घेऊन मागे धावल्या तेव्हा काकांनी ते घडी करून खिशात घातलं आणि घरी आल्यावर टेबलाच्या हलत्या पायाखाली सारलं.

शुक्रवार गेला दोन रिमोटांमध्ये. काका टीव्हीचा रिमोट पेटीवर रोखायचे आणि पेटीचा टीव्हीवर, आणि दोन्ही यंत्रं अबोला धरल्यासारखी वागायची. शनिवारी काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. त्यांची थाप प्रसिद्ध होती. जुन्या टीव्हीच्या उजव्या अंगाला, वरून चार बोटं सोडून, तळहाताने दिलेली ती थाप खाऊन भलेभले सेट सुरू झाले होते. पेटी बिचारी वहीएवढी. थाप बसताच ती टेबलामागे पडली आणि काका तिला काढायला वाकले ते काकूंनी हात दिल्यावर उठले. मग काकूंनी टेबलाच्या पायाखालचं पुस्तक काढलं, चष्मा लावला, वायरी पुस्तकाप्रमाणे जोडल्या आणि पडद्यावर निळ्या अक्षरांत 'सिग्नल नाही' असं उमटलं.

"हे बघ, आता माझं काम," काका म्हणाले.

"ऐका ना," काकू म्हणाल्या, "रविवारी त्या गाण्यात मधल्या दोन ओळी मी..."

"ते राहू दे. माझा पाना कुठे ठेवलास?"

काकूंनी पाना दिला. "साडेपाचला पाच मिनिटं कमी असेपर्यंत मी घरात आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाही आलं तर समोर जाते. मला बघायचंय."

रविवारी दुपारी तीनला काका गच्चीवर चढले. एरियलचं तोंड त्यांनी टेकडीकडे केलं, म्हणजे चोरून पोस्टमनच्या एरियलकडे बघून केलं. पण काकांच्या घराच्या आणि टेकडीच्या मधे सातमजली इमारत उभी राहिली होती. तिच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या फटीतूनच काय तो मनोरा पकडायचा होता. काकांनी पाईप बोटभर फिरवला. "आलं का?" "नाही." आणखी बोटभर. "नाही." आणखी. "नाही... आलं! अहो, गेलं!" काका मागे आले. "नाही." आणखी मागे. "आलं! गेलं!" असा दीड तास खेळ चालला. चित्र होतं कुठेतरी, पण काकांच्या हाताला लागेना. ना मुंग्या, ना फिकट बहीण. निळा पडदा, नाहीतर लख्ख चित्र, मधलं काहीच नाही. हाताला काही सांगायलाच कोणी उरलं नव्हतं. पावणेपाचला पहिल्यांदाच काकांना वाटलं की आपल्याला जमणार नाही. बायको समोरच्या घरात पाहुणी म्हणून खुर्चीवर बसेल आणि आपण इथे पाईपला लोंबकळत असू. या विचाराने त्यांना सरळ रडू यायला लागलं.

काकू गच्चीवर आल्या. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून काकांनी डोळे बाहीला पुसले. "जा तू समोर. मी आवरतो हे."

"मी काय बघितलं ते सांगू? मधे बोलू नका."

काकांनी पाना खाली ठेवला.

"तुम्ही पाईप हलवल्यावर चित्र लगेच येत नाही. मी मोजलं. सात-आठ आकडे लागतात. तुम्ही दुसऱ्या आकड्याला पाईप पुढे ढकलता. चित्र येतं तेव्हा तुम्ही कधीच पुढे गेलेले असता."

"अगं, लहर क्षणात पोचते! पस्तीस वर्षं..."

"लहर पोचते हो. पेटीला जुळवाजुळव करायला वेळ लागतो. पुस्तकात आहे. बोटभर हलवा आणि दहापर्यंत मोजा."

काका बोटभर हलवून मोजायला लागले. चारवर त्यांचा हात आपोआप पुढे गेला. पुन्हा मोजलं, पाचवर गेला. मुंगी चावल्यासारखा तो हात नुसता वळवळत होता. "मला जमत नाही," काका म्हणाले. असं वाक्य काकूंनी त्यांच्या तोंडून बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग मी मोजते खालून. मी 'हं' म्हटल्याशिवाय हात हलवायचा नाही. आणि विचारायचंही नाही."

त्या खाली गेल्या. काकूंचे आकडे खिडकीतून वर यायला लागले. एक, दोन, तीन. काका पाईप धरून गप्प उभे. दहा. "हं." बोटभर. एक, दोन, तीन. आयुष्यात दुसऱ्याच्या मोजण्यावर ते प्रथमच उभे होते. पाचव्या फेरीला, सातव्या आकड्यावर मोजणं थांबलं. काका पुतळा होऊन राहिले. मग खालून हाक आली, "आलं! हलू नका! आहे, आहे, राहिलंय!"

काकांनी पान्याने पाईप आवळायला घेतला, तर पाना नुसताच गरगर फिरला. बुधवारपासून शंभरदा सैल करून आवळलेल्या त्या बोल्टचे आटे गेले होते. हात सोडला की एरियल कलणार आणि चित्र जाणार. पाच वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

"या ना खाली! लागतंय आता!"

"तू बघ! मला इथून हलता येत नाही!"

मग काकूंनी काय ओळखायचं ते ओळखलं असावं, कारण त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

काका दोन्ही हातांनी पाईप कवटाळून उभे राहिले. त्यांना वाटलं, झकास. उभ्या गल्लीला चित्रं दाखवली आणि बायकोचं एकुलतं एक चित्र आपल्या नशिबात पाईपच्या मागूनच. बारा बायकांचं गाणं सुरू झालं. खालून, समोरून, सगळीकडून. मग अकरा जणी थांबल्या आणि एकटा आवाज पुढे आला.

पहिल्यांदा तो पोस्टमनच्या खिडकीतून आला. कोण गातंय बरं, असं काकांच्या मनात आलं. मग क्षणभराने तोच आवाज शेजारच्या घरातून आला, मग पलीकडच्या, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या स्वतःच्या घरातून. पेट्याच त्या. प्रत्येकीचा जुळवाजुळवीचा वेळ वेगळा. एकच ओळ गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून मागोमाग वर चढत होती, आणि चौथ्या खेपेला काकांना कळलं की ही आपली बायको आहे. मधल्या दोन ओळी मी, असं ती काल सांगत होती आणि आपण पाना मागितला. महिनाभर हीच ओळ ती स्वयंपाकघरात म्हणायची, आणि अर्ध्यात आपण ओरडायचो, अगं, बातम्या ऐकू येत नाहीत. या ओळीचा शेवट कसा आहे, हे काकांना आत्ता कळत होतं. शेवट उंच जायचा आणि तिथे थांबायचा. चार घरांतून चार वेळा तो तिथे थांबला. पाईप हलेल म्हणून काकांनी दाद द्यायलाही मान हलवली नाही.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. खिडकीत काकूंचं डोकं दिसलं. वर बघून त्यांनी विचारलं, "आलं का?"

पस्तीस वर्षं हा प्रश्न काकांचा होता. कोणी तो त्यांना विचारला नव्हता आणि उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती.

"अहो, बोला की! आता का दहा मोजताय?"

"आलं," काका म्हणाले. "सगळं आलं." आणि कार्यक्रम संपून गेला होता तरी त्यांनी पाईप सोडला नाही.