जमिनीच्या पोटातले देव

अशा जवळ येऊन बसा बरं. दारात उभं राहून प्रवासाच्या गोष्टी ऐकतात होय? आणि "मैंदर्गीकडं बघण्यासारखं आहे काय?" असं पुन्हा म्हणालात तर मी बोलायचीच नाही. बघायला डोळे लागतात, काशीच लागते असं नाही.

तर शुक्रवार पेठेतून पहाटे टांगा केला, आगगाडीनं अक्कलकोट स्टेशन गाठलं आणि पुढं मोटार. ती वाटेत दोनदा फुसकली. ड्रायव्हर चाकाला ठिगळ लावीपर्यंत मी बांधावर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. समोर काळी जमीन, तिला हात जाईल एवढ्या भेगा.

मैंदर्गीच्या अलीकडच्या एका खेड्यात माझी भाची नीलव्वा दिलेली आहे. तिची सासू गंगव्वा दारातच म्हणाली, "या विहीणबाई! पानी जपून प्या हं. सून लांबच्या वड्यावरनं आणती."

"मग ताक द्या. आम्ही रुसत नाही."

"ताकातबी पानीच की!"

नीलव्वा हसली नाही. सातवा महिना तिला, आणि खांद्याला घागरीचा घट्टा पडलेला.

गावाबाहेर सरकारी बोअरिंगचं यंत्र धडधडत होतं. पोकळ नळीनं ते खडक कापतं आणि आतून दगडाच्या गोल, लांब कांड्या काढतं. त्या निघाल्या तशा क्रमानं पेटीत मांडायच्या, म्हणजे जमिनीखाली कुठल्या थराखाली कुठला थर ते कळतं. पण तिथला ओव्हरसियर पेटीपाशी डोकं धरून बसला होता. पेटी निम्मी रिकामी.

"आजी, मी तापानं निजलो होतो," तो म्हणाला. "नोंद राहिली आणि कांड्याही गेल्या. आता आणखी खोल जायची परवानगी कशाच्या जोरावर मागू? उद्या यंत्र हलवायचा हुकूम आहे."

कांड्या गेल्या कुठं ते मला गावात शिरतानाच कळलं होतं. घरोघरच्या भिंतीतल्या देवळीत त्या उभ्या होत्या, विभूतीचे पट्टे ओढून, वर बेलपान ठेवून. काळा, गोल, गुळगुळीत दगड आपण होऊन भुईतून वर आला, तर आमच्या लिंगायत बायका त्याला दुसरं काय म्हणणार? मग ओव्हरसियर ओरडत शोधायला आला, तेव्हा त्यांनी हे देव धान्याच्या कणगीत लपवले.

मी बायकांना पारावर जमवलं. दोन कांड्या घेतल्या आणि टोकाला टोक लावून फिरवल्या. फुटकी बांगडी जुळावी तशा जुळल्या.

"बघा, एकाच दगडाचे तुकडे हे. खंडित देव पुजतात का गं?"

 मग एकजण उठली, मागून दुसरी. ओट्या भरभरून कांड्या आल्या. आम्ही भुईवर बसून टोकं जुळवत गेलो, कानडी-मराठी भांडणं करत. लांबच लांब रांग झाली. मधे मात्र एका ठिकाणी टोकं जुळेनात, हातभर जागा रिकामी राहिली.

"माज्याकडं न्हाय," गंगव्वा कुणी विचारायच्या आधीच म्हणाली.

नीलव्वा हळूच बोलली, "अत्ती (सासूबाई), देव घरात बसलाय. मी वड्याला चालतीया."

गंगव्वा उठली. मग घरी गेली आणि पदरात गुंडाळून एक कांडी घेऊन आली. ती लाल होती, भाजल्या विटेसारखी. तिनं ती स्वतः बसवली.

ओव्हरसियर ताडकन उठला. "हा लाल थर! ही जुनी माती. हिच्यावर तापलेला खडकाचा रस पसरला, त्यानं ती भाजली. हिच्या आसपास पाणी साठलेलं असू शकतं. यंत्र हलवणं थांबवायला सांगतो, मी आजच लिहितो."

तेव्हापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. तेवढ्या खोल असलेली ती माती कधीकाळी उघड्यावर होती. तिच्यावर ऊन पडलं असेल, पाऊसही. आपण जिला शेवटची भुई म्हणतो, ती कुणाचं तरी छप्पर आहे.

मी परतले तेव्हा पाणी लागलं नव्हतं. नंतर निरोप आला: लागलं. थोडं मचूळ आहे, डाळ शिजत नाही, पण गुरं पितात, अंघोळी होतात, आणि गाळून माणसंही पितात. कांड्यांच्या पेट्या तपासणीला पुण्याला रवाना झाल्या. गंगव्वानं ओव्हरसियरला विचारलं म्हणे, "तितं देवावर कुनी पानी घालंल का?" 

नीलव्वाला मुलगी झाली. आता दुपारी ओढ्याला जावं लागत नाही, ती घरीच असते. चला ना माझ्याबरोबर, पण पहाटेच्या टांग्याला लवकर या.